पुढे एकशे पंच्याण्णव, मागे दोनशे पंचवीस

मी पहिल्यापासून उतावळी. कुकरची वाफ पुरती जायच्या आत झाकण ओढणारी. त्यामुळे वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, हॅमिल्टनमध्ये, दोन सीटची लालभडक जपानी स्पोर्ट्स कार मी बघितल्यापासून चाळीस मिनिटांत विकत घेतली, याचं आमच्या घरात कोणालाच नवल वाटलं नाही. नवरा एवढंच म्हणाला की ऑकलंडला सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांत महिन्याचा किराणा आणायला जातो तेव्हा तांदळाची गोणी यात कुठे बसणार. मी म्हटलं, तांदूळ तुझ्या गाडीत बसेल, मी माझ्या गाडीत बसेन.

जुनी गाडी होती, जपानमधून वापरून आलेली, पण काय गाडी! इंजिन सीटच्या पाठीमागे. किल्ली फिरवली की आवाज समोरून येत नाही, आपल्याच पाठीच्या कण्यातून वर चढतो. दुधाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये आठ तास पावडरचे नमुने तपासून बाहेर आले की पार्किंगमध्ये ती दिसायची आणि मला दर वेळी, अगदी दर वेळी, हसू यायचं. सँडरिंगहॅमच्या मिठाईच्या दुकानात एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की नवी गाडी आहे तर चाकाखाली लिंबू ठेवून त्यावरून ने. मी ते गंमत म्हणून फोनवर बाबांना सांगितलं. आमचं घर बौद्ध, असल्या गोष्टींना बाबांनी कधीच थारा दिलेला नाही. ते म्हणाले, लिंबाचं सरबत कर, आणि टायरमध्ये हवा किती आहे ते आधी बघ.

टायरचं बाबांनी बोलायचं आणि आम्ही ऐकायचं, हे लहानपणापासूनचं. बत्तीस वर्षं ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये टायरच्या कामावर होते. जुनं उतरवायचं, नवं चढवायचं, कुठलं कुठल्या बसला गेलं ते खडूने टायरवरच लिहायचं. घरी आले तरी बोटांवर खडू असायचा. आमच्या स्कूटरची दोन्ही चाकं आणि स्टेपनी अशी तिन्ही एकाच मापाची. बाबा दर दोन महिन्यांनी ती आलटून पालटून लावायचे, म्हणजे सगळी सारखी झिजतील. मी नऊ वर्षांची असताना नट काढून त्यांच्या हातात द्यायचे. टायर सगळे सारखे असावेत, म्हणजे कुठलंही कुठेही लागतं, ही अक्कल मी तिथेच कमावली.

मागच्या सप्टेंबरात बाबा पाच महिन्यांसाठी आमच्याकडे आले. एकोणऐंशी वर्षांचे, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. विमानतळावरच त्यांनी जाहीर केलं की ही शेवटची खेप, आता एवढा प्रवास झेपत नाही. घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता गॅरेजमध्ये जाऊन त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, वाकून टायर बघितले आणि म्हणाले, "मला एकदा हिच्यात बसव."

ती गाडी जमिनीपासून वीतभर उंचीवर. तिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ मांडी घालायला खाली बसल्यासारखंच. डॉक्टरांनी इतक्या खाली बसायला साफ मनाई केली होती. म्हणून मग चार महिने बाबा नवऱ्याच्या उंच गाडीतून फिरले. पण मी त्यांना ओळखते. बाथरूममध्ये त्यांच्यासाठी ठेवलेलं प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल ते रोज सकाळी हॉलमध्ये आणायचे आणि त्यावर उठबस करायचे. आधी दहा वेळा, मग वीस. कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. जानेवारीच्या शेवटी त्यांनी भिंतीला हात न लावता स्टुलावर बसून, पाय एका बाजूला वळवून, पुन्हा उठून दाखवलं. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. ठरलं. त्यांचं विमान फेब्रुवारीतल्या एका रविवारी. आदल्या दिवशी शनिवारी मी त्यांना माझ्या गाडीतून डोंगर ओलांडून टौरंग्याला समुद्रावर नेणार. दोन सीट, दोनच माणसं.

आणि त्याच आठवड्याच्या सोमवारी गाडी वॉफमध्ये नापास झाली.

वॉफ म्हणजे इथली गाडीची सक्तीची तपासणी. ती पास झाल्याशिवाय, दुरुस्तीला न्यायचं सोडून, गाडी रस्त्यावर आणायची नाही. बाकी सगळं ठणठणीत होतं, पण मागचे दोन्ही टायर आतल्या कडेने गुळगुळीत झाले होते, खाचा जवळपास संपलेल्या. मी जराही डगमगले नाही. उलट अंगात उत्साह संचारला. नवे टायर! माझ्या गाडीला मी स्वतः निवडलेले नवे टायर! लॅबमधून लवकर निघाले, लाल गाडी नवऱ्याच्या हाती दिली, आणि बाबांना त्याच्या उंच गाडीतून घेऊन मी तडक टायरच्या दुकानात गेले.

दुकानदार दाढीवाला, अंगाने आडवातिडवा, बोलायला संथ. त्याने किया ओरा म्हणून नमस्कार केला, मागच्या टायरवरचे आकडे वाचले आणि ओठ बाहेर काढले. मागे होतं 225/50 R15. म्हणजे टायरची रुंदी दोनशे पंचवीस मिलिमीटर, त्याची उंची त्या रुंदीच्या पन्नास टक्के, आणि आतलं चाक पंधरा इंची. हे माप आता फारसं कोणी बनवत नाही, म्हणाला. मागवता येईल, पण तीन आठवडे लागतील. पुढचे टायर 195/55 R15, म्हणजे तीन सेंटिमीटर अरुंद, ते मात्र त्याच्याकडे हीप्स, म्हणजे ढिगाने. भिंतीला टेकून थप्पीच लागली होती.

माझ्या डोक्यात तिथल्या तिथे लख्ख प्रकाश पडला. पुढचेच मागे लावायचे! चारही एकशे पंच्याण्णव, आणि पाचवं स्टेपनीला. पाचही आलटून पालटून. पुढे कधी पंक्चर झालं, कधी टायर झिजलं, तरी कुठलंही कुठेही. हे या गाडीच्या मूळ मालकाला कसं सुचलं नाही याचंच मला आश्चर्य वाटलं. मी दुकानदाराला विचारलं, मागच्या चाकावर हे बसेल का? तो म्हणाला, बसेल, पण गाडीचा स्वभाव बदलेल. मी 'बसेल' एवढंच ऐकलं. बुधवारची वेळसुद्धा मागून टाकली.

बाबा इतका वेळ मागच्या चाकापाशी उभे होते. ते म्हणाले, थांब. इंजिन मागे आहे, वजन मागे आहे, ओढसुद्धा मागूनच आहे. मागचं टायर पुढच्याएवढं केलंस तर ओल्या वळणावर गाडीचा मागचा भाग तुझ्या आधी वळेल. हे करू नकोस. तीन आठवडे लागले तर लागू देत.

तीन आठवडे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे सगळं चाललंय कोणासाठी? चार महिने स्टुलावर उठबशा कोणी काढल्या? आणि आता हेच मला थांब म्हणतायत? शिवाय सगळे टायर सारखे ठेवायचं ज्यांनी मला शिकवलं, तेच. मी भर दुकानात, दाढीवाल्यासमोर, आवाज चढवून म्हणाले, "बाबा, ही एसटी नाही. तुम्हाला यातलं काही कळत नाही."

दाढीवाल्याला मराठी येत नव्हतं, पण तो मान खाली घालून कागद चाळायला लागला. बाबा मागे वळले. हळूहळू चालत जाऊन बाहेरच्या बाकावर बसले. घरी येताना मी त्यांना मुद्दाम दोन-तीन गोष्टी विचारल्या, त्यांनी नीट उत्तरं दिली. रात्री नेहमीसारखे जेवले, भाजी छान झालीय म्हणाले. रुसले असते तर परवडलं असतं. मला झोपताना वाटत होतं की मी चुकीचं बोलले, पण टायरचं माझंच बरोबर आहे, हेही मी स्वतःला बजावत होते.

मंगळवारी कामावरून आले तर गॅरेजचं दार उघडं. नवरा घरून काम करतो, त्याने गाडी जॅकवर चढवून एक पुढचं आणि एक मागचं चाक काढून ठेवलं होतं आणि तो निष्पाप चेहऱ्याने हात पुसत होता. बाबा त्या बुटक्या स्टुलावर बसलेले, गळ्यात माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप, बोटांवर खडू. आता बाहेरगावी असलेल्या आमच्या मुलीच्या लहानपणीचे अंगणात रेघोट्या मारायचे रंगीत खडू गॅरेजच्या कपाटात पडून होते, त्यातला निळा त्यांनी शोधून काढला होता.

ते म्हणाले, बोलणार नव्हतो, पण हे बघून घे. त्यांनी पुढच्या चाकावर टेप धरली, मग मागच्या. टायर सोडून नुसतं आतलं चाक. मागचं चाक पुढच्यापेक्षा चांगलं इंचभर रुंद होतं. मी स्वतः दोनदा मोजलं. बाबांनी विचारलं, चाकंच वेगळी दिलीत, मग गाडी बनवणारे काय वेडे होते?

मग त्यांनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. ते अथपासून इतिपर्यंत जपानीत. गेली दोन वर्षं ते डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून होतं आणि वाचता येत नाही म्हणून मी त्याला हातही लावला नव्हता. मी, जी दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासते! बाबांनी दुपारी सगळं पुस्तक पानापानाने बघितलं होतं. अक्षराकडे लक्षच द्यायचं नाही, म्हणाले, नुसते आकडे बघत जायचं, वर्कशॉपमध्ये परदेशी यंत्रांची पुस्तकं आम्ही अशीच वाचायचो. एका पानाशी त्यांनी बसचं जुनं तिकीट खुणेला घातलं होतं. तिथे एक छोटा तक्ता होता. सगळ्या त्या चित्रांसारख्या अक्षरांच्या मधोमध, स्वच्छ छापलेलं: 195/55 R15, आणि त्याच्या खाली 225/50 R15. शेजारी हवेचे आकडे, तेही पुढे-मागे वेगळे.

हातच्या कांकणाला आरसा कशाला. मी तोंडघशी पडले होते आणि मला ते मान्यच करावंसं वाटत नव्हतं. मी म्हटलं, पण स्कूटरला तर तुम्हीच सगळी सारखी ठेवायचात. त्यावर बाबा पहिल्यांदा हसले. स्कूटरच्या तिन्ही रिमा एकच होत्या, म्हणाले, हिच्या नाहीत. एवढाच फरक. नवरा मागून पुटपुटला की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे बायकोच. त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं.

मग मी खाली, गॅरेजच्या लादीवरच बसले आणि जे खरं होतं ते बोलले. मागचे टायर मिळेपर्यंत तुम्ही भारतात असाल, बाबा. तुमचं बसणं राहील.

बाबा टेपची घडी करत होते. मान वर न करता म्हणाले, "राहू दे. मी एकदाच बसणार. तू रोज चालवणार आहेस."

मला रडू आलं. चांगलं हमसून. एक तर लाज वाटली, आणि दुसरं म्हणजे त्या स्टुलावरच्या उठबशा डोळ्यांसमोर आल्या. मी त्यांची माफी मागितली, दुकानातल्या बोलण्याबद्दल. त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं, आणि केसांना सगळा निळा खडू लागला. तशीच मी दुकानदाराला फोन करून बुधवारची वेळ रद्द केली. तो म्हणाला, स्वीट अ‍ॅज, म्हणजे काही हरकत नाही, आणि त्याचा आवाज ऐकून मला वाटलं की त्यालाही बरं वाटलंय.

पण हार मानेन तर मी कसली! बुधवारी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी फोन लावायला सुरुवात केली. ऑकलंडमध्ये पाच दुकानं. नाही, नाही, एक आहे पण एकच, नाही, आणि एकाने फोनच उचलला नाही. दुसऱ्याने दोनशे पाच घ्या म्हणून गळ घातली. दुधाची तहान ताकावर भागवायचा मोह मला आता होणार नव्हता, त्याला मी पुस्तकातले आकडे वाचून दाखवले. गुरुवारी सकाळी आणखी सहा फोन. सातवा टौरंग्यात, बंदराजवळच्या एका छोट्या दुकानात. फोनवर एक बाई होती. मी माप सांगितलं, ती थांब म्हणाली, पावलांचा आवाज, शटरचा आवाज, बराच वेळ काहीच नाही. मग ती परत आली. कोणी शर्यतीवाल्याने जोडी मागवली होती, मग त्याने गाडीच विकली. माझ्याकडे दोन आहेत.

मी कॅन्टीनमध्ये ओरडले. खरंच ओरडले. मग एकदम बाबांचं आठवलं. नवं दिसणारं टायर वर्षानुवर्षं कोठारात पडून कडक झालेलं असू शकतं, म्हणून टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडे विचारायचे. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. तिला पुन्हा जायला लावलं. ती बिचारी गेली, वाचून आली. जेमतेम वर्षभरापूर्वीचे होते. घरी फोन करून सांगितलं तेव्हा बाबांनी ते चार आकडे माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि मग म्हणाले, घे.

शुक्रवारी अर्धी रजा टाकली. नवरा आणि मी त्याच्या उंच गाडीतून टौरंग्याला गेलो, दुकान बंद व्हायच्या अर्धा तास आधी पोचलो, आणि दोन्ही टायर मागच्या सीटवर पट्टे लावून घेऊन आलो. बाबा दारात उभेच होते. त्यांनी ते गॅरेजमध्ये ठेवूच दिले नाहीत. हॉलमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी, उभे लावले. अख्ख्या घरात नव्या रबराचा वास. बाबांनी दोन्हींच्या अंगावरून हात फिरवला, आतून बोटं फिरवून बघितली, आणि प्रत्येकावर निळ्या खडूने 'मागे' असं लिहिलं.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच आम्ही दारात, बाबा आणि टायर नवऱ्याच्या उंच गाडीतून आलेले. दाढीवाल्याने ती जोडी बघितली आणि शीळ घातली. तो टायर चढवत होता तेव्हा बाबा हात मागे बांधून त्याच्या शेजारी उभे. हवेची वेळ आली तशी त्यांनी पुस्तक उघडून तक्त्यावर बोट ठेवलं. त्याने मान डोलवली आणि नेमकी तेवढीच भरली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण भाषांतरासाठी मला कोणी एक शब्द विचारला नाही. काम झाल्यावर दाढीवाल्याने नट आवळायचा पाना बाबांपुढे धरला. बाबांनी चारही चाकांचे नट एकेक करून तपासले, पाना परत दिला आणि त्याच्याशी हात मिळवला. तिथेच पाऊण तासात वॉफची तपासणी झाली, काचेवर नवं स्टिकर चिकटलं. माझा जीव भांड्यात पडला.

बाबा गाडीत कसे बसले ते मी विसरणार नाही. पाठमोरे उभे राहिले, आधी बसले, मग पाय एका बाजूने आत घेतले. कुठे हात नाही, कण्हणं नाही. पट्टा लावून समोर बघत म्हणाले, चल.

हॅमिल्टन मागे पडलं, गवताची कुरणं गेली, आणि कायमाईचा घाट सुरू झाला. वळणावर वळण, एका बाजूला डोंगर. वर पोचतो न पोचतो तोच तिथे नेहमी येते तशी सर आली आणि रस्ता ओला झाला. मी तर अंड्यांची टोपली घेऊन चालल्यासारखी चालवत होते. शेजारी एकोणऐंशी वर्षांचे बाबा, नवा गुडघा, उद्याचं विमान. वळण आलं की ब्रेक, वळण गेलं तरी ब्रेक. मागे गाड्यांची रांग लागली, एकाने हॉर्नसुद्धा दिला, जो इथे सहसा कोणी देत नाही. बाबा मान किंचित मागे वळवून टायरचा आवाज ऐकत होते. तीन वळणं ऐकला, चौथ्यालाही ऐकला. मग त्यांनी विचारलं की इतकी हळू का चालवतेस. मी म्हटलं, तुमच्यासाठी.

या माणसाने मला आयुष्यभर 'हळू' याखेरीज काही सांगितलं नव्हतं. सायकलला हळू, स्कूटरला हळू, लग्न होऊन निघाले तेव्हा आमच्या ड्रायव्हरच्या खिडकीत वाकून हळू, आणि इथे फोन ठेवताना दर वेळी शेवटचा शब्द तोच. त्यांनी दाराचं धरलेलं हँडल सोडलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आता जरा दाब," बाबा म्हणाले. "टायर बरोबर आहेत."

मी गिअर खाली घेतला आणि दाबलं.